लेकरं सांभाळून नर्सिंगला जायचंय? पैसे भरायच्या आधी या चुका टाळा

आमच्या भागातल्या बऱ्याच बाया आजकाल विचारून राहिल्यात, लग्न झालं, लेकरं झाली, लहानं आता अंगणवाडीत जाते, तर आता नर्सिंग करता येईल का? येईल. बारावी झालेली असली अन् वय ३५ च्या आत असलं तर एएनएमलाही (गावातल्या आरोग्य सेविकेचा कोर्स) चालतं अन् जीएनएमलाही (दवाखान्यातल्या स्टाफ नर्सचा कोर्स) चालतं. लग्न झालं म्हणून कोणी अडवत नाही. अडचण वेगळीच होते, घरात जो थोडासा पैसा असतो तो चुकीच्या जागी भरल्या जातो, अन् एकदा तो गेला की दुसऱ्यांदा कोणी द्यायला तयार होत नाही, ना सासर ना माहेर. म्हणून स्वस्त कॉलेज कोणतं हे विचारायच्या आधी सीट कोणती आहे, कशातून मिळून राहिली आहे अन् त्या सीटवर स्कॉलरशिप लागते का हे विचारा, स्वस्त-महाग तिथंच ठरतं.

बोर्डावर "नर्सिंग" दिसलं की पैसे भरणे

ही सगळ्यात मोठी चूक. तालुक्याच्या ठिकाणी बस स्टँडजवळ, एखाद्या कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत क्लास चालतो, बोर्डावर नर्सचा फोटो, सहा महिन्यांचा नाहीतर वर्षाचा कोर्स, "शंभर टक्के नोकरी". फी कमी वाटते, घराजवळ आहे, दुपारी लेकरं शाळेतून यायच्या आत घरी परत येता येते, म्हणून बाई हो म्हणते. पण नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर असल्या नावाचा कोर्स म्हणजे नर्सचा कोर्स नाही. त्यावर खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून काम लागू शकतं, ते काम काही कमी नाही, पण नर्स म्हणून तुमची नोंदणी होत नाही, अन् नोंदणी नाही तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेचा किंवा स्टाफ नर्सचा फॉर्मच भरता येत नाही.

खरे कोर्स तीनच लक्षात ठेवा. एएनएम २ वर्षं, जीएनएम ३ वर्षं, बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षं. एएनएम अन् जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी.ची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, अन् पास झाल्यावर नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. ऑफिसात बसलेल्या माणसाला सरळ विचारायचं, परीक्षा कोण घेतं अन् नोंदणी कुठं होईल? या नावांऐवजी दिल्लीच्या कोण्या संस्थेचं, कोण्या ट्रस्टचं नाव सांगितलं तर उठून यायचं. मान्यताप्राप्त कॉलेजची यादी कौन्सिलच्या वेबसाईटवर असते, गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोट्ट्याला मोबाईलवर काढून दाखव म्हणा. यादीत कॉलेजचं नाव, गाव अन् कोर्स तिन्ही जुळलं पाहिजे, कारण एखाद्याला एएनएमची मान्यता असते अन् प्रवेश जीएनएमच्या नावानं घेऊन राहिले असतात.

आपल्याला कोणता कोर्स जमतो हे न पाहता दुसरीचं पाहून जाणे

बी.एस्सी. नर्सिंगला बारावी सायन्स लागते, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी अन् इंग्रजी, ओपनला ४५ टक्के, एससी-एसटीला ४० टक्के, वरून राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आर्ट्सवाल्या बाईला कोणी म्हणालं की आम्ही बी.एस्सी. करून देतो तर ते खोटं आहे. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना एएनएम आहे, अन् बारावीत ४० टक्के अन् इंग्रजीतही ४० टक्के असतील तर जीएनएमही आहे, सायन्सवाल्यांना तिथं आधी पाहतात एवढंच. बारावीच झाली नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यायची, अन् त्यात इंग्रजीकडे दुर्लक्ष करायचं नाही.

आता माझं मत. जिची लेकरं लहान आहेत अन् घरी पैसा तोकडा आहे तिनं एएनएमला कमी समजू नये. दोन वर्षांत नोंदणी होते, उपकेंद्रावर, एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियान) काम मिळायची वाट मोकळी होते, अन् एएनएम झालेली बाई पुढं जीएनएम करू शकते, जीएनएम झालेली पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतरची नर्सिंगची डिग्री) करू शकते. वेळ जास्त लागतो हे खरं, पण मधात कमावता येतं. ज्या घरात दुसरी कमाई फक्त तीन-चार एकरातल्या कोरडवाहू कापसाची आहे तिथं एकदम चार वर्षं बिनपगारी काढणं लय जड जातं.

एजंटकडून सीट घेणे

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "ताई, सीट संपून राहिल्या, आजच दहा हजार टाका, बुक करून ठेवतो." काही काही तर घरी येतात, ओळखीतलेच असतात, म्हणून नाही म्हणता येत नाही. पण प्रवेश दोन तऱ्हेचे असतात हे समजून घ्या. एक सरकारी प्रवेश फेरीतून, ज्याला कॅप राउंड म्हणतात, अन् दुसरा कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातून, मॅनेजमेंट म्हणा की संस्था पातळीवरचा म्हणा. वर्ग तोच, मॅडम त्याच, दवाखाना तोच, पण स्कॉलरशिपच्या वेळी दोघींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी अन् ईडब्ल्यूएस मधल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी अन् परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही, अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजलाही नाही. म्हणजे एजंटला दहा-वीस हजार देऊन जिनं सीट "पक्की" केली तिचीच फी माफी गेली, अन् जी दोन राउंड थांबली तिला मिळाली. एससी, एसटी, व्हीजेएनटीच्या स्कॉलरशिपचंही महाडीबीटीवर (सरकारची स्कॉलरशिपची वेबसाईट) भरताना प्रवेश कशातून झाला हे विचारल्या जातं. म्हणून पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा, ही सीट कॅपची आहे का, अन् मी निवडलेल्या कोर्सला या कॉलेजात मागच्या वर्षी किती जणींना महाडीबीटीचा पैसा आला. दुसरा प्रश्न ऑफिसात नाही, व्हरांड्यात उभ्या असलेल्या सेकंड इयरच्या मुलींना विचारायचा, त्या खरं सांगतात.

निकालाची वाट पाहत बसू नका. सीईटीचे फॉर्म निकालाच्या बरेच आधी सुटतात अन् बंदही होतात, मग एजंटशिवाय कोणी उरत नाही. एएनएम-जीएनएमचा प्रवेश त्या वर्षी कसा आहे त्याची माहितीपुस्तिका वाचा, अन् सरकारी शाळा आधी पाहा. जिल्हा सामान्य रुग्णालयाला अन् मेडिकल कॉलेजला जोडलेल्या शाळांमध्ये फी सगळ्यात कमी असते, त्या सोडून थेट खाजगीत जायचं काही कारण नाही.

अन् शेजारच्या राज्यातली "हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या" वाली ऑफर तर अजिबात घेऊ नका. नर्सिंग घरी बसून होत नाही. बाहेरच्या राज्यात खरंच शिकलं तरी आधी तिथल्या कौन्सिलची नोंदणी, मग महाराष्ट्राची, त्यात वेळ अन् पैसा वेगळा जातो.

कागदं जून महिन्यात काढायला जाणे

लग्न झालेल्या बाईचे कागद दोन घरांत वाटलेले असतात, हे तरण्या पोरीला समजत नाही. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँक पासबुकवर तिसरंच स्पेलिंग. महाडीबीटीचा पैसा आधार लिंक असलेल्या खात्यात येतो, नाव जुळलं नाही की फॉर्म परत येतो, अन् कॉलेज म्हणतं तोवर पूर्ण फी भरा. म्हणून दिवाळीनंतरच सुरू करा. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी केली नसेल तर ग्रामसेवकाकडून (आता पद ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं) आधी ते प्रमाणपत्र घ्या, नाव बदलाचं राजपत्र काढायचं असेल तर तेही तेव्हाच.

जातीचा दाखला सहसा बापाकडूनच निघतो, नवऱ्याच्या जातीचा चालत नाही. व्हॅलिडिटीला, म्हणजे जात पडताळणीला, आजोबा-पणजोबांचा जुना पुरावा लागतो, शाळेचा दाखल-खारीज, कोतवाल बुकची (गावाची जुनी जन्म-मृत्यूची वही) नक्कल, अन् हे सगळं माहेरच्या तहसीलमध्ये पडलेलं असतं, तर भावाला, काकाला आधीच कामाला लावा. एसटीवाल्या बायांनी तर अजून आधी, त्यांची पडताळणी समिती वेगळी असते अन् वेळ बराच जातो. नॉन-क्रिमीलेअर आईवडिलांच्या परिस्थितीवरून ठरतं, नवऱ्याच्या कमाईवरून नाही, सेतूवाले कधी कधी चुकीचं सांगतात. स्कॉलरशिपच्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र कोणाचं उत्पन्न धरायचं हे फॉर्म भरायच्या आधी समाज कल्याण ऑफिसात विचारून घ्या. शिक्षणात खंड पडला त्याचं गॅप सर्टिफिकेटही लागतं.

फक्त ट्यूशन फी विचारणे

फी माफ झाली तरी हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, बूट, पुस्तकं, नोंदणी, पोस्टिंगच्या गावाला जायचा गाडीखर्च हे राहतंच. पूर्ण कोर्सचा सगळा खर्च कागदावर लिहून मागा, कॉलेजच्या शिक्क्यासह, अन् दरवर्षी वाढ होते का तेही. हॉस्टेल सक्तीचं आहे का हे आईनं पहिल्याच दिवशी विचारावं, कारण काही ठिकाणी आहे, अन् मग जवळचं कॉलेज निवडूनही लेकरू रात्री आजीपाशीच राहते. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच, पण रोजचं जाणं-येणं असेल तर विद्यार्थ्यांचा मासिक पास घ्या, तो अजून स्वस्त पडतो.

आपल्याकडे अजून एक पेच आहे, फी मागतात ऑगस्ट-सप्टेंबरात अन् सोयाबीन निघतो ऑक्टोबरात, कापसाचा पैसा तर त्याच्याही नंतर. त्या मधल्या दोन-तीन महिन्यांत बाया सावकाराकडे जातात, मंगळसूत्र ठेवतात. त्याऐवजी प्रवेशाच्या वेळीच अर्ज द्या की पहिला हप्ता एवढा अन् दुसरा डिसेंबरात, अन् त्यावर ऑफिसची सही घ्या, तोंडी कबुलीला काही किंमत नसते. एज्युकेशन लोन काढायचं असेल तर ७.५ लाखांपर्यंत बँकेला तारण लागत नाही, पण सहअर्जदार नवरा असेल अन् त्याचं पीक कर्ज थकीत असेल तर तिथंच अडकतं, म्हणून दुसरा सहअर्जदार, बाप किंवा भाऊ, डोक्यात ठेवा.

लेकराचं नंतर पाहू म्हणणे

थिअरीला ८० टक्के हजेरी लागते, पण प्रॅक्टिकल अन् वॉर्डची पोस्टिंग १०० टक्के पूर्ण करावी लागते. लेकराला ताप आला अन् चार दिवस बुडाले तर ते चार दिवस नंतर भरून द्यावे लागतात, त्याशिवाय सर्टिफिकेट निघत नाही. नाईट ड्युटी येते, गावोगाव पोस्टिंग येते. सासूबाई हो म्हणाल्या तरी एवढ्यावर थांबू नका, त्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं तर कोण, हे दुसरं नाव ठरवून ठेवा. कापूस वेचणीत घरातलं कोणीच मोकळं नसतं, तेव्हाची सोय आधी करा.

फसलं असेल तर

पैसे भरले, आता कळलं की मान्यता नाही किंवा सीट मॅनेजमेंटची निघाली, तर पहिलं काम म्हणजे पुढचा हप्ता थांबवा. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागा, फोनपेनं दिले असतील तर स्क्रीनशॉट ठेवा. ओरिजिनल मार्कशीट अन् टीसी त्यांच्यापाशी असेल तर लेखी अर्ज देऊन मागा, अर्जाच्या कॉपीवर तारखेची पोच घ्या, नाही दिली तर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. कौन्सिलकडे अन् मंडळाकडे कॉलेजच्या नावानं लेखी तक्रार करा, बी.एस्सी. असेल तर विद्यापीठाकडे. ठरवून दिलेल्या फीपेक्षा जास्त घेतली असेल तर शुल्क नियामक प्राधिकरण आहे. पैसे घेऊन कॉलेजच बोगस निघालं तर पोलीस स्टेशनला एकटी जाऊ नका, त्याच कोर्समधल्या दोघी-तिघी मिळून, पावत्या घेऊन जा. अन् वय ३५ च्या जवळ आलं असेल तर तक्रारीच्या निकालाची वाट पाहत वर्ष घालवू नका, तक्रार चालू राहू द्या अन् येत्या कॅप राउंडचा फॉर्म भरून टाका.