अमेरिकन बँडसॉची जळालेली मोटर बदलताना

जळगाव एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये एक सेकंडहँड अमेरिकन बँडसॉ (पट्ट्यासारख्या गोल फिरणाऱ्या ब्लेडनं लाकूड कापायचं मशीन) आला, प्लेटवर ठळक लिहिलेलं ११५ व्होल्ट ६० हर्ट्झ, पण पोरानं पिनेला अ‍ॅडॉप्टर लावला अन् दिला २३० च्या सॉकेटात खुपसून. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो हो, व्होल्टेज नाही! घुर्र झालं, वार्निशचा वास, धूर, खेळ खल्लास. आमचा वायंडिंगवाला जन्मभर रावेर-यावलच्या केळीवाल्यांच्या पंपाच्या मोटरी भरत (जळालेली तार काढून नवी गुंडाळत) आलेला, त्यानं झाकण काढून नुसता वास घेतला अन् म्हणे, "जयी गयी ना भो."

तुमची अजून जळली नसेल तर आधी प्लेट नीट वाचा. बऱ्याच अमेरिकन मोटरी ११५/२३० दोन्हीवर चालतात, झाकणाच्या आत डायग्राम असतो, नुसत्या वायरी बदलल्या की काम होतं. जळलीच असेल तर २३० वर परत भरून मिळते, फक्त आपली वीज ५० हर्ट्झची आहे हे सांगायला विसरू नका. मी नवीनच घेतली.

जुनी काढायच्या आधी प्लग काढा, कपॅसिटर (प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते) बल्बच्या वायरी लावून डिस्चार्ज करा, सगळ्या वायरींचे फोटो काढा. आणि बाजारात फक्त "एक एचपी द्या" म्हणत जाऊ नका, तिथंच सगळे फसतात. तिकडची चार पोलची मोटर ६० हर्ट्झवर १७२५ आरपीएमनं फिरते, आपली ५० वर १४४० च्या आसपास, म्हणजे तीच पुली लावली तर ब्लेड मंद चालणार. मोटरची पुली १.२ पट मोठी करायची, माझी ३ इंची होती तर ३.६ इंची घेतली, बेल्टही थोडा लांब लागला.

दुसरा घोळ शाफ्टचा. जुनी मोटर ५६ फ्रेमची (फ्रेम म्हणजे मोटरच्या मापाचा ठरलेला नंबर), शाफ्ट ५/८ इंच म्हणजे १५.८८ मिमी, आपल्याकडं ८० फ्रेमला १९ अन् ९० ला २४, म्हणून पुलीचं बोअर अन् चावीची खाच लेथवाल्याकडून नवीनच करून घ्या, जुन्या पुलीत कागद-पत्रा कोंबून बसवणारे पण बघितलेत मी, बेल्ट दोन दिवसात खातात. मोटरी साधारण ४० डिग्रीच्या हवेसाठी बनवतात, आपल्याकडं मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ पर्यंत जातो, वर पत्र्याची शेड, म्हणून मी एकाऐवजी दीड एचपी घेतली. ती ९० फ्रेमची निघाली, पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची ९० मिमी, जुनीची ८८.९, नशीब! पायाची भोकं तेवढी नवीन पाडावी लागली.

कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) कॉइल अन् लाइट पण ११५ चेच असतील, ते बघून २३० चे टाका. ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा रिले) नवीन प्लेटच्या अँपियरवर सेट करा, जुना तसाच ठेवला तर काही कामाचा नाही, कारण तेवढ्याच एचपीला व्होल्टेज दुप्पट झालं की करंट निम्म्यावर येतो. अर्थिंग नीट द्या.

पहिल्यांदा बेल्ट न लावता चालू करा. उलटी फिरली तर स्टार्टिंग वायंडिंगच्या दोन वायरी अदलाबदल, बस. मग बेल्ट, मग एक जाड बाभळीचा तुकडा कापून टाँगटेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) लावून बघा, माझी प्लेटच्या आकड्याखालीच राहिली, पोराला मात्र आता सॉकेटाजवळ फिरकू देत नाही.