कितव्या वेगाला कितवा गिअर

सपाट डांबरी रस्त्यावर १०० सीसीच्या मोटरसायकलवर एकटा माणूस ताशी ४० च्या वेगाने टॉप गिअरमध्ये सुखाने जातो. तीच गाडी, तोच वेग, पण मागे माणूस बसलेला, मध्ये पिशवी आणि समोर चढ असला की टॉपमध्ये ती मान टाकते. म्हणून खालचे आकडे सपाट रस्ता, एकच स्वार आणि टायरमध्ये बरोबर हवा असं धरून वाचा. आकडे आणि इंजिनाचा आवाज यांचं जुळलं नाही, तर आवाजाचं ऐका.

चार गिअरच्या १०० सीसी गाडीला पहिला फक्त हलण्यापुरता. १० ते १५ ला दुसरा टाका, २५ च्या आसपास तिसरा, ४० ला चौथा. पाच गिअरच्या १२५-१५० सीसी गाडीला साधारण १५ ला दुसरा, २५ ला तिसरा, ३५-४० ला चौथा आणि ५० च्या पुढे पाचवा. डबलसीट असाल तर प्रत्येक टप्पा पाचेक किलोमीटरने पुढे ढकला. गाडीच्या पुस्तिकेत वेगांचा तक्ता दिला असेल तर आधी तो माना. काही गाड्यांच्या मीटरवर १, २, ३, ४ अशा पट्ट्या छापलेल्या असतात. त्या पट्टीचं शेवटचं टोक म्हणजे त्या गिअरची कमाल मर्यादा. रोज तिथपर्यंत ताणायची गरज नाही.

सगळ्या गाड्यांना एकच माप लागत नाही, कारण जोर प्रत्येकीला वेगळ्या जागी येतो. स्प्लेंडर प्लसचं ९७.२ सीसी इंजिन सर्वांत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६,००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) देतं, तर रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं इंजिन ४,००० लाच. त्यामुळे बुलेटच्या जातीची गाडी कमी फेऱ्यांवरही दमदार ओढते. छोटं इंजिन तसंच चालवलं की गुदमरतं. आरपीएम मीटर असेल तर १००-१५० सीसीला निवांत चालवताना ४,००० ते ५,००० च्या दरम्यान वरचा गिअर टाका. टाकल्यावर काटा ३,००० च्या खूप खाली गेला तर घाई झाली.

गिअर बरोबर आहे की नाही, हे चालता चालता तपासता येतं. ॲक्सिलरेटर थोडासा पिळा. गाडी लगेच, धक्का न देता पुढे सरकली तर गिअर योग्य. नुसता आवाज जाड झाला, टाकी आणि हँडल थरथरलं, चेन खाडखाड वाजली, तर एक गिअर कमी करा. उलट ॲक्सिलरेटर सोडताच कुणी मागून ओढल्यासारखं झालं आणि इंजिन किंचाळत असेल, तर एक वाढवा.

यातली पहिली चूक, म्हणजे कमी वेगाला वरचा गिअर, आपल्याकडे फार होते. टॉप गिअर म्हणजे मायलेज, ही समजूत त्याच्या मुळाशी. २५ च्या वेगाला टॉपमध्ये राहून वेग वाढवायचा तर ॲक्सिलरेटर खूप पिळावा लागतो, म्हणजे पेट्रोल काही वाचत नाही. शिवाय इंजिन सावकाश फिरत असताना प्रत्येक स्फोटाचा दणका हातोडीसारखा पिस्टनवर आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर बसतो, आणि ऑइल पंपही तेव्हा सावकाशच फिरत असतो. चढावर टकटक असा धातूचा आवाज आला तर ते नॉकिंग. तसंच दामटू नका, ताबडतोब खालचा गिअर टाका. चेन-स्प्रॉकेट आणि मागच्या हबमधले रबर लवकर खलास होतात तेही याच सवयीने. दुसरी वाईट सवय अर्धा क्लच दाबून वेळ मारून नेण्याची. गर्दीत ८-१० च्या वेगाने सरकताना दुसऱ्यात क्लच घासत राहण्यापेक्षा सरळ पहिला टाका. क्लच प्लेट जळाली की रेस वाढते आणि गाडी मात्र जागची हलत नाही.

गिअर उतरवताना वेग आधी कमी करायचा, गिअर नंतर. चार गिअरच्या गाडीत चौथ्यातून तिसऱ्यात ४० च्या खाली, दुसऱ्यात २५ च्या खाली, पहिल्यात १० च्या खाली आल्यावरच. दोन गिअर एकदम पाडून क्लच फटकन सोडला तर मागचं चाक अडकतं, आणि पावसात, खडीवर गाडी आडवी जाते. क्लच दाबलेला असताना किंचित रेस द्या, गिअर टाका, मग क्लच सोडा; हिसका बसत नाही. स्पीडब्रेकरला दुसरा पुरतो, पण तो ब्रेकरच्या अलीकडे टाकलेला हवा.

घाटाचं गणित वेगळं. खंबाटकी असो की कसारा, चढाला लागण्याआधीच एक गिअर कमी करा. निम्म्या चढावर वेग मेल्यावर गिअर बदलायला गेलात तर क्लच दाबलेल्या त्या क्षणात उरलेला वेगही जातो, आणि मग थेट पहिल्यावर यावं लागतं. एसटी किंवा ट्रक ओलांडायचा असेल तर खालचा गिअर तिच्या मागे असतानाच टाका, बाजूला निघाल्यावर नाही. उतरताना जुना नियम धरा: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ॲक्सिलरेटर बंद ठेवला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक अधूनमधून लागतो. न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी पूर्ण ब्रेकवर येते; १३० मिलीमीटरचे ड्रम ब्रेक सतत दाबून तापले की लाइनरचा वास येतो आणि पकड सुटत जाते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत न्यूट्रलने पेट्रोलही वाचत नाही. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर बंद असताना इंजेक्टर पेट्रोल तोडतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. ओल्या रस्त्यावर गिअर बदलणं वळणाच्या आधी उरकून घ्या. लाल चिखलात पहिल्याऐवजी दुसरा आणि एकसारखी रेस ठेवा. पहिल्याचा जोर चाकाला जागीच फिरवतो.

दुसऱ्याची गाडी हातात घेताना गिअरची दिशा विचारून घ्या. स्प्लेंडरसारख्या गाडीत चारही गिअर पुढे दाबून वाढतात. पल्सर १५० मध्ये पहिला पुढे आणि बाकीचे उलट, टाचेने किंवा लिव्हर वर उचलून. एकीची सवय दुसरीवर चालवली की ५० च्या वेगात वाढवायच्या जागी गिअर कमी होतो.

सिग्नलला टॉपमध्येच थांबलात आणि आता गिअर उतरतच नाही, तर पायाने लाथा घालू नका. गाडी उभी असताना आतले दाते समोरासमोर अडतात. क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा किंवा गाडी हातभर मागे-पुढे करा, गिअर एकेक करून पडतो. तरीही रोजच गिअर जड जात असेल तर क्लच लिव्हरच्या टोकाचं ढिलेपण बघा: १० ते २० मिलीमीटर हवं. जास्त असेल तर क्लच पुरता सुटत नाही, अजिबात नसेल तर प्लेट सतत घासत राहते.