राउटर आपोआप रिस्टार्ट करणारा प्लग लावताय? या चुका टाळा

गावच्या घरी राउटर हँग झाला की बाबांनी जाऊन प्लग काढायचा आणि परत लावायचा, हे काम स्मार्ट प्लगवर टाकलं की सुटलो असं वाटलं होतं मला. पहिल्याच दिवशी पुण्यात बसून ॲपवरून ऑफ दाबलं आणि झालं, राउटर बंद, प्लग त्याच राउटरच्या वायफायवर, आता ऑन कोण करणार? मग फोनवर अर्धा तास, "बाबा, टीव्हीच्या मागे तो पांढरा प्लग आहे ना, त्याचं बटण दाबा."

तर ऑफ, थांबा, ऑन हे तिन्ही प्लगनेच स्वतःचं स्वतः करायला हवं, नेट नसताना पण. टास्मोटा (प्लगच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी टाकता येणारं फुकट सॉफ्टवेअर) टाकलेला प्लग असेल तर 'बॅकलॉग पॉवर ऑफ; डिले 300; पॉवर ऑन' अशी एकच कमांड पुरते (टाइप अर्थातच इंग्रजीत करायची). इथला 300 म्हणजे 30 सेकंद बरं का, आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, मी आधी 30 टाकून तीन सेकंदांतच ऑन करत होतो, तेवढ्यात अडॅप्टरचा दिवा पण धड विझत नाही. आणि लाइट जाऊन आली की प्लग ऑनच झाला पाहिजे, ते सेटिंग 'पॉवरऑनस्टेट 1'.

दुसरी चूक पिंगची. नेट चालू आहे का बघायला प्लग इंटरनेटवरच्या एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतंय का बघतो, ते पिंग; उत्तर नाही आलं की राउटर रिस्टार्ट. मी फक्त 8.8.8.8 ला (गूगलचा सर्व्हर) पिंग लावलं होतं. एका रात्री लाइनच तुटली, फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा, आणि आमचा प्लग बिचारा सकाळपर्यंत दर दोन मिनिटांनी राउटर झोपवतोय, उठवतोय! लाल दिवा म्हणजे फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, शंभर वेळा रिस्टार्ट करून काय उपयोग. आता 8.8.8.8 आणि 1.1.1.1 (क्लाउडफ्लेअरचा सर्व्हर) दोन्ही सलग पाच वेळा फेल गेले तरच रिस्टार्ट, तीनदा करून भागलं नाही तर तासभर गप्प बसायचं.

रिस्टार्टनंतर निदान पाच मिनिटं पिंग तपासूच नका, डबा आणि राउटर दोन्ही उठून लाइन मिळायला वेळ लागतो आणि अर्धवट उठलेल्याला परत पाडलं की ते चक्र संपतच नाही.

कॅमेऱ्याचा डीव्हीआर मात्र त्याच एक्स्टेन्शनवर लावू नका, रेकॉर्डिंग चालू असताना धाडकन पॉवर गेली की हार्डडिस्कची वाट लागते. राउटरचं फर्मवेअर अपडेट करायच्या आधी ऑटो रिस्टार्ट बंद करा, मध्येच पॉवर गेली तर राउटरचा दगड होऊ शकतो.

आणि प्लग किती वेळा राउटर रिस्टार्ट करतोय त्याचा लॉग अधूनमधून बघा. आमच्याकडे आठवड्यात चार-पाच वेळा, ते पण बहुतेक दुपारीच. बाबांना राउटरच्या अडॅप्टरला हात लावून बघायला सांगितलं तर चटकाच बसला त्यांना. तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा नवीन अडॅप्टर आणला, तेव्हापासून प्लग नुसता निळा दिवा लावून बसलेला असतो.