फर्गसनला गवतकापणी यंत्र जोडण्याआधी

डबल क्लचच्या, म्हणजे चाकांचा आणि यंत्राचा क्लच वेगळा असलेल्या, ट्रॅक्टरवर हात बसलेला असेल, तर फर्गसन टीई-20 वर बसण्याआधी पायाची सवय बदलायची तयारी ठेवा. 1946 ते 1956 या काळात कोव्हेंट्रीत बनलेल्या या करड्या ट्रॅक्टरला क्लच एकच. चाकं, पीटीओ (यंत्राला ताकद देणारा मागचा फिरता शाफ्ट) आणि अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा पंप, तिघांनाही ताकद त्याच्यातूनच मिळते.

आधी लिफ्ट बघा. पीटीओचा दांडा टाकलेला नसेल तर पंप फिरतच नाही आणि लिफ्ट जागची हलत नाही. एवढ्यावरून आमच्याकडे एका हुशाराने आख्खा पंप खोलून ठेवला होता! स्टार्टरही गिअरच्याच दांड्यावर आहे. न्यूट्रलमधून 'एस'कडे ढकलायचा, चावीवर चालू होईल म्हणून वाट बघू नका.

खरी गोम गवत कापताना कळते. कुंपण जवळ आलं म्हणून तुम्ही क्लच दाबता, इंजिन सुटतं. पण जड पाती गरगरत राहतात आणि तीच ताकद शाफ्टमधून उलटी गिअरबॉक्समध्ये शिरून चाकांना पुढे ढकलते. क्लच पूर्ण दाबलेला, तरी ट्रॅक्टर चालतोच. म्हणून ओव्हररनिंग कपलर आणल्याशिवाय काम सुरू करू नका. तो एकाच दिशेने, ट्रॅक्टरकडून पात्यांकडे, ताकद देतो. पाती मोकळी फिरतात, ट्रॅक्टर थांबतो.

कपलर घेण्याआधी पीटीओ शाफ्टच्या टोकाला व्हर्निअर (जाडी मोजायची पट्टी) लावा. जुन्या फर्गसनचं टोक 1⅛ इंची असतं, हल्लीची अवजारं 1⅜ इंची मागतात, तेव्हा माप वाढवणारा कपलरच घ्या. त्याने लांबी वाढते, म्हणून यंत्र जोडून सावकाश वर-खाली करा आणि ट्रॅक्टर आणि यंत्रामधला जोडशाफ्ट (एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा) सगळ्यात आखूड होतो तिथे आतली नळी टेकत नाही ना, ते बघा. टेकत असेल तर आतली-बाहेरची दोन्ही नळ्या सारख्याच कापा, कडा कानशीने घासा, ग्रीस भरा. हे टाळलंत तर लिफ्ट उचलताच धक्का थेट पीटीओच्या बेअरिंगला बसतो.

थ्रॉटलवर खूण करून ठेवा. इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर असताना पीटीओ साधारण 540 देतो. 2,000 वर नेलंत तर तो 700 पार जातो, आणि पाती तेवढ्यासाठी बनलेली नसतात. शाफ्टवर गार्ड हवाच. खांद्यावरचं उपरणं घरी.

पहिली फेरी मोकळ्या रानात, समोर विहीर-बांध नसताना. पाती पूर्ण वेगात आली की क्लच दाबा आणि ट्रॅक्टर किती पावलं सरकतो ते खाली उतरलेल्या माणसाला मोजायला सांगा. पण त्याला बाजूला उभा करा, समोर नाही.