पिकअपचं फोर बाय फोर लागत नाही? बाहेरून आत, या क्रमाने तपासा

पावसाळा लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या पिकअपवाल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. मुरबाडच्या शेतावर किंवा कर्जतकडच्या साइटवर गाडी चिखलात रुतली, फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देण्याचा नॉब फिरवला आणि पुढची चाकं ढिम्म. मग गाडी टो करून गॅरेजला जाते आणि पहिलं वाक्य कानावर पडतं: "ट्रान्सफर केस खोलावी लागेल." ही केस म्हणजे जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी. खोलू द्या, पण सगळ्यात शेवटी. खोलण्याची मजुरी मोठी असते, आणि दोष मात्र बऱ्याचदा बाहेरच, एखाद्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) किंवा फाटक्या नळीत असतो.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांत पार्ट-टाइम फोर बाय फोर असतं. नॉबवर टू-एच म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना, फोर-एच म्हणजे चारही चाकांना, आणि फोर-एल म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर. नॉब फिरवला की हुकूम कंट्रोलरकडे जातो, तो ट्रान्सफर केसवरची मोटर फिरवतो, केसमधून जोर पुढच्या प्रोपेलर शाफ्टला (लांब फिरत्या दांड्याला) मिळतो, तिथून पुढच्या डिफरेन्शियलला (जोर वाटून वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरना) आणि शेवटी चाकांना. पुढच्या अॅक्सलवर बहुतेक वेळा आणखी एक अॅक्चुएटर (जोडणी हलवणारं छोटं यंत्र) असतो, तो अॅक्सल जोडतो-तोडतो. जुन्या गाड्यांत त्याऐवजी चाकांवर हेच काम करणारे लॉकिंग हब असतात. या साखळीत जोर नेमका कुठे थांबतो एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

आधी बघा, बिघाड खरंच आहे का

डांबरी रस्त्यावर फोर-एच लावून गाडी वळवली की ती अडखळते, ब्रेक लागल्यासारखी ओढते. हा बिघाड नाही. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापावं लागतं आणि पार्ट-टाइम यंत्रणेत तो फरक सामावून घ्यायला मधला डिफरेन्शियल नसतो. ताण शाफ्टमध्ये साठतो. त्याच ताणामुळे कधी टू-एचवर आणूनही फोर बाय फोर सुटत नाही. अशा वेळी गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्या, सुटतं. पाम बीच रोडसारख्या डांबरी रस्त्यावर फोर-एच तपासायला जाऊ नका. मातीचं किंवा खडीचं मोकळं मैदान शोधा.

फोर-एलची पद्धत वेगळी आहे. गाडी पूर्ण थांबलेली आणि गिअर न्यूट्रलला असावा लागतो. मॅन्युअल गाडीत शिवाय क्लच दाबावा लागतो. यातली एक अट चुकली तरी डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. आपल्या मॉडेलची नेमकी रीत मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती एकदा वाचाच.

टायरही पाहून घ्या. मागे नवे कोरे आणि पुढे झिजलेले असतील तर यंत्रणा सरळ रस्त्यावरही ताणात राहते.

हुकूम पोचतोय का

इंजिन बंद, इग्निशन चालू, आजूबाजूला शांतता. एकाने नॉब फिरवायचा, दुसऱ्याने गाडीच्या बाजूला वाकून कान द्यायचा. मोटरची घरघर ऐकू आली तर वायरिंग बहुतांशी ठीक आहे. काहीच आवाज नाही, तर पुढची तपासणी विजेची.

सुरुवात बॅटरीपासून. उभ्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बॅटरी कमजोर असेल तर मोटर अर्ध्यात अडकते आणि कंट्रोलर दिवा लुकलुकवत बसतो. मग फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच). त्यानंतर ट्रान्सफर केसवरच्या मोटरचा कपलर.

या कपलरवर थोडा वेळ घालवा. खाडीकाठच्या आपल्या पट्ट्यात, ऐरोली असो की कोपरी, हवेत खार आहे. पावसात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी गेली की तेच पाणी कपलरमध्ये शिरतं. तो काढून उजेडात धरा. पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली, रबरी सील चपटं झालेलं असलं, तर दोष बहुधा हाती लागला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पिना घासा, पूर्ण सुकू द्या, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर द्या आणि कपलर खट्ट आवाज येईपर्यंत दाबा. वायर पूर्ण लांबीपर्यंत हाताने चाचपा; सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात.

कपलर स्वच्छ असूनही मोटर गप्प असेल, तर मल्टीमीटर लावून नॉब फिरवा. मोटरच्या दोन वायरींवर क्षणभर १२ व्होल्ट आले आणि मोटर हलली नाही, तर मोटरच अडकली आहे. व्होल्ट आलेच नाहीत, तर नॉब, रिले, कंट्रोलर किंवा त्याला खबर देणारा सेन्सर. इथे स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जा आणि कंट्रोलरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचून घ्या. अंदाजाने कंट्रोलर बदलणं महागात पडतं.

जोर कुठे थांबतो

दिवा स्थिर लागतो आणि तरी पुढची चाकं ओढत नाहीत, तेव्हाची ही चाचणी. मातीवर थोडं सरळ चालवून फोर-एच नीट लागू द्या, मग सपाट, टणक जागी या. इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी (पार्क). हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर (जॅक-स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

आता पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहा. तो मोकळा गोल फिरत असेल तर ट्रान्सफर केसमध्येच फोर-एच लागलेलं नाही. शाफ्ट घट्ट असेल तर केस ठीक. मग एका चाकाला मदतनिसाने धरावं आणि तुम्ही दुसरं फिरवा. ते एकटंच फिरत राहिलं तर दोष अॅक्सलच्या अॅक्चुएटरमध्ये किंवा हबमध्ये.

अॅक्चुएटर व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारा असेल तर दोष बहुतेक नळीचा. गाडी खाली उतरवा, न्यूट्रल आणि हँडब्रेक, इंजिन चालू, फोर-एच. अॅक्चुएटरची नळी काढून तोंडावर बोट धरा. दोन नळ्या असल्या तर एकीला ओढ लागली पाहिजे. ओढ नसेल तर इंजिनपर्यंत नळी तपासा. उन्हाने आणि उष्णतेने रबर तडकतं, विशेषतः वाकणावर. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतो आणि ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टरही त्यावरच असतो. म्हणून फोर बाय फोर गेलं आणि ब्रेकचं पेडलही कडक झालं, तर नळ्या सोडा, पंप बघा, आणि गाडी तशीच चालवू नका.

आवाज आणि ऑइल

वळताना पुढून कटकट आली तर सीव्ही जॉइंट (चाकाकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा सांधा); त्याचा रबरी बूट फाटलाय का पाहा. गिअर टाकताना खाड् असा झटका बसला तर प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस. शाफ्ट जॉइंटपाशी धरून पिळा, जराही खुळखुळला तर क्रॉस बदला. कळंबोलीला ट्रकच्या कामांमुळे क्रॉस बसवणारे हात सहज मिळतात. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खूण करा, नाहीतर परत बसवल्यावर गाडी थरथरते.

ट्रान्सफर केसचं किंवा अॅक्सलचं ऑइल तपासताना आधी वरचा, भरायचा प्लग सैल करा. तोच अडकलेला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून दिलंत, तर गाडी जागेवरच राहील. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. तापलेला अॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल बदला, पण ब्रीदर साफ केल्याशिवाय नाही. चुंबकी प्लगवर करडा लगदा असणं नेहमीचं आहे. नखाला टोचणारे तुकडे मिळाले तर मात्र आता केस खोलायची वेळ आली. ट्रान्सफर केसमध्ये कुठे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) लागतं, कुठे गिअर ऑइल, ते पुस्तिकेत बघूनच भरा. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

काम झाल्यावर मातीवर सरळ रेषेत टू-एच, फोर-एच, पुन्हा टू-एच असं करा, मग थांबून फोर-एल. दिवा प्रत्येक वेळी लुकलुकायचा थांबून स्थिर झाला पाहिजे, आणि टू-एचला विझला पाहिजे. दुसऱ्या दिवशी गाडीखाली पुठ्ठा टाकून प्लग आणि सील गळतात का तेही बघा.