वाढत्या गावात अँटेना लावताय? या चुका टाळा

२०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींचा पट्टा परवानामुक्त झाला आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत गच्चीगच्चीवर बिनतारी इंटरनेटच्या डिश वाढत गेल्या. चांगलंच झालं. पण लहरींना परवाना नको म्हणून नेटच्या धंद्यालाही नको, असा सोयीचा अर्थ काढू नका. तो लागतोच.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे "समोरचा पोल दिसतोय ना, मग झालं!" नुसतं दिसून भागत नाही. दोन डिशना जोडणाऱ्या सरळ रेषेभोवती, दोन्हीकडे निमुळता आणि मध्ये फुगीर असा पट्टा मोकळा लागतो. हा फ्रेनेल झोन. ५.८ गिगाहर्ट्झवर ३ किलोमीटरच्या लिंकला, म्हणजे दोन डिशमधल्या जोडणीला, मध्यावर त्याची त्रिज्या सव्वासहा मीटर भरते; त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे पावणेचार मीटर, मोकळी हवी. ८ किलोमीटरला त्रिज्या १० मीटरवर जाते, आणि पृथ्वीच्या गोलाईपायी मध्यावर मीटरभर उंची आणखी धरावी लागते.

परभणी जिल्ह्यातल्या एका गावी एका पोरानं बसस्टँडमागच्या गच्चीवरून बायपासच्या नव्या वसाहतीला लिंक दिली. मार्चमध्ये लावली तेव्हा सिग्नल फक्कड. उंच पोल सांगितला होता, तो "नंतर बघू" म्हणून राहिला. दिवाळीनंतर तक्रारी सुरू. लिंक तुटत नव्हती, नुसती रडत होती. गड्यानं रेडिओ बदलला, अडॅप्टर बदलला, ज्याच्याकडून नेट घेतो त्या बँडविड्थवाल्याशी भांडला, शेवटी गिऱ्हाइकांचे राउटर खराब ठरवले. गच्चीवर जाऊन मधल्या वाटेकडे मात्र एकदाही बघितलं नाही. मला बोलावलं तेव्हा मी लॅपटॉप उघडायच्या आधी जिना चढलो. बरोबर मध्यावर एका घराचा तिसरा मजला उभा होता. सेंटरिंग नुकतंच निघालेलं, वर दोन काळ्या टाक्या. पोरगं घरमालकाशी वाद घालायला निघालं. मालक शांतपणे म्हणाले, "अहो, सळया चार वर्षांपासून वर काढून ठेवल्यात. तुम्हाला दिसल्या नाहीत, त्याला मी काय करू?"

शेवटी दोन्ही टोकांना पोल चढवावेच लागले. गेलेली गिऱ्हाइकं काही सगळी परत आली नाहीत.

म्हणून माझी सवय सांगतो. लिंकच्या वाटेवर पायी किंवा मोटरसायकलवर फिरायचं आणि गच्च्यांकडे बघायचं. कॉलमच्या सळया वर उभ्या असतील तिथं मजला चढणार, हे धरूनच चालायचं. त्याचे साडेतीन मीटर, वर टाकीचे दीड. शिवाय एनए प्लॉटचे बोर्ड कुठल्या रस्त्याला लागलेत ते बघायचं, नगरपरिषदेत विकास आराखडा चाळायचा. उपग्रहाच्या नकाशावर घरबसल्या रेघ मारणाऱ्यांना हे कष्ट नको असतात. तो फोटो किती जुना आहे, हेही ते बघत नाहीत.

ऊस तुटल्यावर सर्व्हे केला असेल तर उभ्या उसाची उंची हिशेबात मिळवा. कडुनिंबाची पुढच्या काही वर्षांची वाढही धरा.

दुसरी चूक जमिनीखालची, आणि ती खास आपल्याकडची. काळी जमीन उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच फुगते. अशा मातीत दोन-अडीच फुटांचा खड्डा घेऊन तणाव्याचा, म्हणजे खांब ताणून धरणाऱ्या तारेचा, अँकर गाडला की एक तणावा ढिला, दुसरा ताठ, आणि मास्ट, म्हणजे तो खांब, हळूच कलतो. बारीक झोताच्या डिशला तेवढं कलणं पुरतं. लोक मग डिश हलवून अलाइनमेंट करत बसतात. पुढच्या ऋतूत पुन्हा तेच. काळी माती पार करून खालच्या मुरमापर्यंत जा. जास्तीच्या खोदाईची मजुरी गेली तर जाऊ द्या. अर्थिंगचंही तसंच. जुलैत ओल्या मातीत मोजलेला रोध कमी दिसला म्हणून खूश होऊ नका, मे महिन्यात मोजा. आपल्याकडच्या विजा पाऊस स्थिरावायची वाट बघत नाहीत, वळवाबरोबरच कोसळतात. तेव्हा माती कोरडी आणि अर्थिंग सगळ्यात कच्चं असतं.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छपराच्या, घरावर पोल रोवू नका. माती दबते, गळती लागते, आणि मालक आयुष्यभर तुमच्या नावानं खडे फोडतो.

टेकडीवर एकच उंच टॉवर ठोकून अख्खं गाव "कव्हर" करायची हौस बऱ्याच जणांना असते. पायथ्याच्या घरांच्या डोक्यावरून झोत निघून जातो, डाउनटिल्ट, म्हणजे अँटेनाला खाली कल, कुणी दिलेला नसतो. आणि कव्हर झालं तरी एका सेक्टरची, म्हणजे एका दिशेच्या अँटेनाची, क्षमता तेवढीच. लातूरच्या क्लासेसच्या भागात रात्री जेवणानंतर सगळ्या होस्टेलांची पोरं एकदम लेक्चर लावून बसली की कळतं. बुटक्या पोलांच्या चार जागा केव्हाही बऱ्या.

८० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल भर गावात लावू नका. २० किंवा ४० पुरे. शेजारच्यालाही जगू द्या.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते म्हणून घेताय? घ्या. पहिल्या पावसाळ्यानंतर कनेक्टर उघडून गंज बघा.

रेडिएशनवरून गल्लीत आरडाओरड झाली तर हुज्जत घालू नका. मोबाइल टॉवरसाठी भारतातली मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, आणि तुमच्या डिशची ताकद टॉवरपुढं काहीच नाही. हे शांतपणे सांगा. तेही पोल उभा करायच्या आधी, खाली जमाव जमल्यावर नाही.