नवा हॅन्डहेल्ड घ्यावा की जुन्यावरच खेळावं? ठरवायची एक पद्धत

नव्या हॅन्डहेल्डची, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेमच्या यंत्राची, जाहिरात बघितली की हातातला जुना एका रात्रीत म्हातारा होतो. काल झोपेपर्यंत ज्यावर बिनतक्रार खेळलो, त्याच्याच स्क्रीनची कड आज जाड वाटते, बटणं ढिली वाटतात, पंखा कर्कश वाटतो.

माझं असं दोनदा झालं. पहिल्यांदा नवा घेतला आणि मोठ्या, झळझळीत स्क्रीनवर तोच जुना शेतीचा गेम तेवढाच वेळ खेळत राहिलो. दुसऱ्यांदा घेतला नाही, फक्त स्टिक, म्हणजे पात्र हलवायची अंगठ्याखालची दांडी, बदलून घेतली. ते यंत्र अजून चालू आहे. या दोन अनुभवांतून एक पद्धत हाती लागली. तिला एक वही आणि एक आठवडा लागतो.

१. तक्रार एका वाक्यात लिहा

अट एकच: त्या वाक्यात नव्या यंत्राचं नाव नको, आणि ‘जास्त’, ‘चांगलं’, ‘भारी’ हे शब्दही नकोत. ‘प्रवासात दीड तासात बॅटरी संपते’ ही तक्रार झाली. ‘माझा आता जुना झाला’ ही तक्रार नव्हे, ते वय झालं. वाक्य लिहिताच येत नसेल, तर इथेच थांबा आणि मस्त खेळा. पुढचं वाचायची गरज नाही.

२. आठवडाभर नोंद ठेवा

रोज खेळून झालं की दोन ओळी लिहायच्या: किती वेळ, कुठे बसून, काय खटकलं. माझ्या वहीतला एक आठवडा असा होता:

सोमवार – ४० मिनिटं, चार्जरला लावून. तक्रार नाही.
मंगळवार – खेळलो नाही.
बुधवार – सव्वा तास. पात्र आपोआप डावीकडे सरकतंय. दोनदा दरीत.
गुरुवार – नाही.
शुक्रवार – २० मिनिटं. त्यातली १५ अपडेट उतरवण्यात.
शनिवार – अडीच तास. पंखा फुल्ल. जागा संपली, एक गेम उडवला.
रविवार – अर्धा तास, टीव्हीला जोडून. परत दरीत.

हे वाचल्यावर मलाच हसू आलं. मी प्रोसेसरच्या तुलना बघत रात्री जागवत होतो, आणि आठवड्यात प्रोसेसरबद्दल एकही तक्रार नव्हती. स्टिक, धूळ, स्टोरेज आणि अपडेटची वेळ, एवढाच सगळा मामला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. शिवाय आठवड्यातले दोन दिवस मी खेळलोच नव्हतो. तो प्रश्न कुठलंही यंत्र सोडवत नाही.

३. तक्रारींची वाटणी करा

वहीतली प्रत्येक तक्रार तीनपैकी एका खान्यात टाका: सेटिंग बदलून जाईल, दुरुस्तीने जाईल, किंवा नव्या यंत्राशिवाय जाणारच नाही.

स्टिक आपोआप सरकणं, म्हणजे ड्रिफ्ट, हे बहुतेक वेळा दुसऱ्या खान्यातलं. नेहमीच्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक छोटा संपर्क घासत असतो. पट्टी झिजली की स्टिक मधोमध असूनही यंत्राला वाटतं, कोणीतरी ढकलतंय. आधी सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन करून, म्हणजे स्टिकचा मध्य यंत्राला नव्याने दाखवून बघा, मग डेडझोन, म्हणजे मधोमधची जी हालचाल यंत्र मोजतच नाही ती जागा, थोडा वाढवा. तरीही सरकत असेल तर स्टिकचा भाग बदलून मिळतो. काही यंत्रांना हॉल सेन्सरच्या स्टिक बसवता येतात. त्या चुंबकाने दिशा ओळखतात, घासणं नाही, त्यामुळे तशी झीजही नाही. फक्त ड्रिफ्टला कंटाळून नवा घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ च्या जॉय-कॉनमध्येसुद्धा (बाजूच्या कंट्रोलरमध्ये) हॉल सेन्सर नाहीत, हे कंपनीनेच सांगितलं होतं. नवं म्हणजे आपोआप टिकाऊ असं नसतं.

गरम होणं आणि पंख्याचा आवाज: आधी जाळीतली धूळ काढा. गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळत असाल तर हवा जायची वाटच बंद होते. जागा संपत असेल तर मोठं मेमरी कार्ड. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकसारख्या यंत्रात आतला एसएसडी, म्हणजे गेम साठवायचा भागसुद्धा बदलता येतो, पण त्याला २२३० मापाचाच (२२ बाय ३० मिलिमीटर) लागतो. अपडेटची तक्रार तर निव्वळ सेटिंगची. यंत्र झोपेत असताना डाउनलोड होऊ द्या, मिटलं.

बॅटरीचं मात्र गांभीर्याने घ्या. लिथियम-आयन बॅटरी वापराने आणि उष्णतेने हळूहळू क्षमता गमावते, ते स्वाभाविक आहे. ती बदलली की यंत्राला बराच जुना दम परत येतो. पण मागचं कव्हर फुगलेलं दिसलं किंवा स्क्रीनची कड उचललेली दिसली, तर तो विचार करत बसण्याचा विषय नाही. चार्जिंग त्याच क्षणी बंद. दाबून सरळ करायला जाऊ नका, जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या.

उरली ‘गेम अडकतो’ ही तक्रार. इथे थोडं गणित कामाला येतं. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, असतील तर प्रत्येक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते. ६० असतील तर १६.७. आता ४० फ्रेम घ्या: २५ मिलिसेकंद. म्हणजे आकड्यांत ४० हे ३० च्या जवळ दिसतं, पण डोळ्याला जाणवणाऱ्या वेळेत ते बरोबर मधोमध आहे. मूळच्या एलसीडी स्टीम डेकवर स्क्रीन ४० हर्ट्झला (सेकंदाला ४० वेळा ताजी होईल अशी) आणून गेमही ४० फ्रेमवर बांधता येतो. ६० चा हट्ट धरून धापा टाकणारा गेम ४० वर स्थिर बांधला की वेगळाच वाटतो. गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या एक पायरी खाली आणा, हे करून बघा, आणि मगच ‘अडकतो’ म्हणा.

एवढं करूनही तिसऱ्या खान्यात काही उरलं, तर पुढे वाचा.

४. ‘नवा’ म्हणजे नेमकं काय नवं, ते ओळखा

दुकानात सगळ्याच खोक्यांवर ‘नवा’ असतं. पण त्यात तीन जाती आहेत.

पहिली जात: इंजिन तेच, अंग नवं. २०२१ चा स्विच ओलेड हे सरळ उदाहरण (ओलेड हा जास्त खुलत्या रंगांच्या स्क्रीनचा प्रकार). स्क्रीन ६.२ इंचांवरून ७ इंचांवर गेली, रंग खुलले, स्टोरेज ३२ चं ६४ जीबी झालं. गेमचा वेग जिथल्या तिथे. नोव्हेंबर २०२३ चा स्टीम डेक ओलेडही याच घरातला: ७.४ इंचांची ९० हर्ट्झची स्क्रीन, ४० ऐवजी ५० वॅट-अवरची बॅटरी, वजन ६६९ ग्रॅमवरून ६४० वर. आधीच्या डेकवर जो गेम चालत नव्हता, तो यावरही चालत नाही. तुमची तक्रार स्क्रीनची किंवा बॅटरीची असेल तर ही जात उत्तम. वेगाची असेल तर ती तुमच्या कामाची नाही.

दुसरी जात: नवी पिढी. स्विच २ हा असा. ७.९ इंचांची १०८०पी स्क्रीन, १२० हर्ट्झपर्यंत, २५६ जीबी जागा, आणि जुन्या स्विचला पेलणार नाहीत असे गेम. जुन्या स्विचवरचे बहुतेक गेमही त्यावर चालतात.

तिसरी जात: वेगळं घर. म्हणजे स्विचवरून स्टीम डेककडे, किंवा डेकवरून विंडोजवर चालणाऱ्या आरओजी अ‍ॅलायसारख्या यंत्राकडे जाणं. याला मी अपग्रेड म्हणतच नाही, हे बिऱ्हाड हलवणं आहे. वेग मिळतो, पण सवयी बदलतात. कोणता गेम कुठे चालतो हेही बदलतं. फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट हे गेम स्टीमओएसवर, म्हणजे डेकच्या मूळ प्रणालीवर, चालत नाहीत, कारण त्यांच्या फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणेला ती प्रणाली मान्य नाही. ताकद कितीही असो, तिथे इलाज नाही.

स्क्रीनच्या आकड्यांना भुलण्याआधी एक गुणाकार करा. १२८० गुणिले ८०० म्हणजे सुमारे १० लाख पिक्सेल. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाखांच्या वर. चिपला दुप्पट ठिपके रंगवायचे आहेत. चिप दुप्पट नसेल तर तुम्हीच शेवटी रिझोल्यूशन खाली आणून खेळणार, मग त्या ठिपक्यांसाठी एवढा आटापिटा कशाला?

५. बॅटरीचा हिशोब स्वतः करा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण हॅन्डहेल्ड हातात धरून, वायरीशिवाय खेळायचा असतो. सूत्र सोपं आहे: बॅटरीचे वॅट-अवर भागिले यंत्र खेचतं ते वॅट. स्क्रीन, चिप, पंखा मिळून २० वॅट खेचत असतील तर ४० वॅट-अवरची बॅटरी २ तास, ८० ची ४ तास. आरओजी अ‍ॅलाय २०२३ मध्ये ४० वॅट-अवर घेऊन आला आणि पुढच्याच वर्षीच्या अ‍ॅलाय एक्समध्ये ८० वॅट-अवर दिली गेली, यावरून कुठे दुखत होतं ते कळतं.

आणि नवं यंत्र जास्त वेळ चालेल हे गृहीत धरू नका. निन्टेन्डोच्याच आकड्यांनुसार स्विच ओलेड साडेचार ते ९ तास चालतो, स्विच २ मात्र २ ते साडेसहा. बॅटरीसाठी म्हणून ओलेड सोडून स्विच २ घेतला तर आगीतून फुफाट्यात.

हे काही आजचं नाही. १९८९ चा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर, हिरवट पडद्यावर १० तासांहून जास्त चालायचा. १९९० च्या सेगा गेम गिअरला रंगीत, उजळ पडदा होता, पण सहा सेल तो ३ ते ५ तासांत फस्त करायचा. बाजार मारला तो गेम बॉयनेच.

६. बरोबर काय येईल, ते तपासा

तुमच्याकडचे गेम, सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती), कार्ड, कंट्रोलर, टीव्हीला जोडायचा डॉक यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे ‘येईल’ किंवा ‘राहील’ लिहा. स्विच २ वर कार्डावर गेम साठवायचे तर मायक्रोएसडी एक्स्प्रेस या नव्या, जलद प्रकारचंच कार्ड लागतं. जुन्या कार्डावरून फक्त फोटो आणि व्हिडिओ घेता येतात. म्हणजे आधी घेतलेलं मोठं कार्ड बाद. २००९ मध्ये सोनीने पीएसपी गो हा हॅन्डहेल्ड काढला तेव्हा त्यातून यूएमडी डिस्कची जागाच काढून टाकली होती. घरात डिस्कचा ढीग असलेल्यांसाठी तो अपग्रेड नव्हता, नवी सुरुवात होती.

सेव्हचं खास बघा. क्लाउडवर आहे असं आपण समजतो, पण काही गेम क्लाउड सेव्ह देतच नाहीत. दोनशे तासांचं गाव, शेत, घोडा, सगळं जुन्या यंत्रात अडकलेलं असू शकतं.

७. वजन हातात घेऊन बघा

लेनोवोचा लीजन गो हा हॅन्डहेल्ड सुमारे ८५४ ग्रॅमचा. वाचताना काही वाटत नाही. पाऊण लिटर पाण्याने भरलेली बाटली दोन्ही हातांत आडवी धरा आणि तुम्ही जसे खेळता, पाठीवर लोळून किंवा खुर्चीत कोपर टेकवून, तशी २० मिनिटं धरा. दहाव्या मिनिटाला मनगटच निकाल देतं. शक्य असेल तर खरं यंत्र कोणाकडून तरी तासभर मागून घ्या. अंगठे स्टिकवरून बटणांवर जाताना ताणले जातात का, एवढं बघितलं तरी पुरे.

८. ठरवा

माझा नियम कडक नाही, पण चालतो. आज बाजारात असलेले, मला खरंच खेळायचे असलेले आणि जुन्यावर चालतच नसलेले किमान दोन गेम असतील, तर नवा घ्यायचा. ‘पुढे येणार आहेत’ हे धरायचं नाही, येतील तेव्हा बघू. किंवा दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, तरी घ्यायचा. या दोन्हींत बसत नसेल तर वही मिटायची आणि तीन महिन्यांनी परत उघडायची. नव्याचे नऊ दिवस तोवर सरलेले असतात, पहिल्या खेपेचे दोष उघडे पडलेले असतात आणि त्यावरचे अपडेटही आलेले असतात.

९. घ्यायचं ठरलं, तर जुना लगेच देऊ नका

दोन्ही यंत्रं शेजारी, दोन्ही चार्जरला लावून, आधी सेव्ह हलवा. नव्यावर प्रत्येक महत्त्वाचा गेम उघडून सेव्ह खरंच दिसतोय का बघा, नुसतं ‘पूर्ण झालं’ या संदेशावर जाऊ नका. मग जुन्यावरचं खातं काढा, फॅक्टरी रीसेट करा, आणि त्यानंतरही आठवडाभर तो घरातच ठेवा. आणि देताना कार्डाची फट उघडून मेमरी कार्ड काढा. माझं कार्ड तसंच गेलं होतं. त्यात तीन वर्षांचे स्क्रीनशॉट होते, दरीत पडतानाचे धरून.